घाणेरीखालची माती

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की मनसर मागे पडल्यावर जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतं आणि देवलापारच्या पुढं ते पेंच व्याघ्र प्रकल्पाला जाऊन मिळतं. मार्चअखेर इथला साग उघडा झालेला असतो. धावडा, लेंडिया, सालई यांनीही पानं टाकलेली असतात आणि पाचोळा इतका साचलेला असतो की चितळाचं पाऊलसुद्धा वाजतं. या करड्या पसाऱ्यात ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, झाडं विरळ झालेल्या जागी मात्र हिरवी गचपणं दिसतात. त्यांवर पिवळ्या-गुलाबी, लाल-केशरी फुलांचे झुबके असतात आणि पान चुरगळलं तर उग्र वास येतो. ही घाणेरी. कुणी तिला टणटणी म्हणतं, आपल्या विदर्भात रायमुनिया हे नावही चालतं.

घाणेरीचा विषय निघाला की बोलणं बहुतेक जागेबद्दल होतं. तिनं किती जंगल व्यापलं, पायवाटा कशा बंद केल्या, गवत कसं हटवलं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या टापूत सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात घाणेरी शिरली आहे. हे त्या जंगलाच्या ४० टक्क्यांहून जास्त होतं. निम्मा महाराष्ट्र भरेल एवढी ही जागा आहे. आकडा मोठाच आहे, पण त्यात फक्त वरवरचा पसारा मोजला जातो. जंगलाचा स्वभाव बदलतो तो पाचोळ्याखालच्या वीतभर मातीत. आणि तिथं मोजमाप केलं की उत्तर अनपेक्षित येतं. आपल्याकडच्या पानझडी जंगलात घाणेरीखालची माती निकस झालेली आढळत नाही, उलट तिच्यातलं नत्र वाढलेलं सापडतं. शेतकऱ्याला ही चांगली बातमी वाटेल. जंगलाला ती वाईट का, हे कळण्यासाठी आधी इथल्या जंगलाची राहणी समजून घ्यायला हवी.

नागपूर हे खडकांच्या दृष्टीनं सीमेवरचं शहर आहे. पश्चिमेकडं दख्खनच्या लाव्हारसाचा बेसाल्ट आहे. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाच्या. ईशान्येला रामटेक-पेंचकडं त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक लागतात, तर आग्नेयेला उमरेडच्या बाजूला गोंडवानाचा दगडी कोळसा. त्यामुळं एकाच जिल्ह्यात कुठं भेगाळणारी काळी चिकण माती, तर कुठं हलकी, लालसर, मुरमाड जमीन. काळ्या मातीत चुना आणि पालाश भरपूर असतात, पण नत्र आणि पिकाला घेता येईल असा स्फुरद तोकडा असतो. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. हलक्या जमिनीत तर नत्राची आणखीच ओढ. त्यात पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि मग मेपर्यंत माती वाळत राहते. शेतात युरियाची गोणी फोडता येते. जंगलाला जे आहे त्यातच भागवावं लागतं.

हे भागवणं विलक्षण नेमकं आहे. पान गाळण्याआधी झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद खोडाकडं, मुळांकडं परत ओढून घेतं. साधारण निम्मं अन्नद्रव्य असं पान पडायच्या आतच वाचवलं जातं. खाली पडतं ते चिवट आणि नत्रानं गरीब पान. सागाचं वाळलेलं पान हातात घेऊन पाहा: हातभर लांब, खरखरीत, शिरांनी भरलेलं. असं पान कुजवणं सूक्ष्मजीवांना सोपं नसतं. पाचोळ्यात नत्राच्या एका भागामागं कर्बाचे साधारण २५ ते ३० भाग असतील, तर सूक्ष्मजीवांची गरज भागते आणि उरलेलं नत्र मातीत सुटं होतं. कर्बाचं प्रमाण त्याहून वर गेलं की सूक्ष्मजीव स्वतःसाठीच मातीतलं नत्र उचलतात. सागाच्या पाचोळ्यात हे प्रमाण बरंच वर असतं. म्हणून त्याचं नत्र हळूहळू, हप्त्याहप्त्यानं मोकळं होतं. मध्ये अळ्या थोडी घाई करतात. पावसाळा सरताना सागाची पानं जाळीदार झालेली दिसतात ती त्यांचीच करणी. त्यांची विष्ठा खाली झडत राहते आणि तेवढ्यापुरतं मातीला तयार अन्न मिळतं. वाळवी कोरड्या दिवसांतही पाचोळा मातीखाली नेत असते. पण एकंदर कारभार सबुरीचा.

या कारभारातली सर्वांत सुंदर गोष्ट बनारस हिंदू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. जे. एस. सिंग, ए. एस. रघुवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य पर्वतातल्या कोरड्या जंगलात आणि गवताळ माळावर वर्षभर मातीतले सूक्ष्मजीव मोजले. हे काम १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. ओल असते तेव्हा सूक्ष्मजीव वाढणार आणि उन्हाळ्यात मरणार असं कुणालाही वाटेल. दिसलं ते उलटं. सूक्ष्मजीवांचं एकूण वजन कोरड्या महिन्यांत जास्त भरलं आणि पावसाळ्यात कमी. याचा अर्थ असा की झाडं झोपलेली असतात त्या काळात नत्र आणि स्फुरद या जिवांच्या शरीरात अडकून राहतात, कुठं वाहून जात नाहीत, आणि पाऊस पडून झाडांची मुळं जागी होतात तेव्हाच मोकळे होतात. बियाण्याचं धान्य कणगीत लिंपून ठेवावं आणि पेरणीलाच बाहेर काढावं, तसं हे जंगल वागतं. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, त्याच दिवसांत खाली हा मोठा व्यवहार सुरू होतो. कोरड्या मातीला एकदम ओल मिळाली की नत्राचा लोंढा सुटतो, हे पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या मृदाशास्त्रज्ञानं १९५८ च्या सुमारास दाखवलं होतं. आपल्याकडच्या जंगलात साग, तेंदू, मोह यांच्या मुळांना या लोंढ्याची वेळ ठाऊक आहे, कारण त्यांची सारी वाढ त्याच वेळेवर बेतलेली आहे.

या वेळापत्रकात घाणेरी शिरते. मूळची ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून छावण्यांच्या, बंगल्यांच्या कुंपणांत पसरली. बुलबुलांसारख्या पक्ष्यांनी काळी फळं खाऊन बिया जंगलात पोचवल्या. तिचं पान सागाच्या पानाच्या अगदी उलट आहे. ते लहान, पातळ, नत्रानं भरलेलं असतं आणि झटकन कुजतं. ओल मिळेल तिथं ती वर्षातला बराच काळ नवी पानं काढत आणि जुनी टाकत राहते. शिवाय तिच्या दाट जाळीखाली सावली असते, ओल टिकते, वाऱ्यानं उडालेला इतर झाडांचा पाचोळाही अडकून पडतो. सूक्ष्मजीवांना याहून सोयीची जागा नाही.

जी. पी. शर्मा आणि रघुवंशी यांनी त्याच विंध्याच्या पानझडी जंगलात घाणेरीच्या जाळ्यांखालची आणि जाळ्यांबाहेरची माती तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. जाळीखाली मातीतलं नत्र जास्त होतं आणि पाचोळ्यातून नत्र सुटं होण्याचा वेगही जास्त. घाणेरीच्या पाचोळ्यात लिग्निन हे चिवट द्रव्य कमी आणि नत्र जास्त असल्याचं कारण त्यांनी दिलं. विंध्यातलं ते जंगल आणि पेंचचं जंगल यांच्यात फरक आहेत, पण सालई, धावडा, तेंदू ही झाडं, चार महिन्यांचा पाऊस आणि कोरड्या पानगळीचा क्रम दोन्हीकडं सारखा. म्हणून नागपूरच्या जंगलाचा विचार करताना हा अभ्यास मला सर्वांत जवळचा वाटतो.

आता मूळ प्रश्न. नत्र वाढलं तर बिघडलं काय?

पहिली गोष्ट, ते कुणाला मिळतं. इथली झाडं कमी नत्रात हळू वाढायला सरावलेली आहेत. जास्तीचं नत्र समोर आलं तरी सागाचं किंवा बिजा या झाडाचं रोप एकदम दुप्पट वेगानं वाढत नाही. घाणेरी वाढते. तिची मुळं वरच्या थरात दाट असतात, ती पाऊस पडताच कामाला लागते आणि आपल्याच पाचोळ्यातून सुटलेलं नत्र पुन्हा आपल्याच पानांत नेते. पानं गळतात, पुन्हा कुजतात. फेरा जितका वेगानं फिरतो तितकी ती दाट होते, आणि ती दाट झाली की फेरा आणखी वेग घेतो. जाळीखाली उजेड पोचत नाही, त्यात तिच्या पानांतली रसायनं शेजारच्या बियांची उगवण दाबतात. त्यामुळं सुपीक मातीवर बसूनही मोहाचं बी रोप होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते ती अधिक गंभीर आहे. मातीत सुटं झालेलं नत्र पुढं नायट्रेटच्या रूपात जातं. नायट्रेट ऋणभारित, चिकण मातीचे कणही ऋणभारित. त्यामुळं माती नायट्रेटला धरून ठेवू शकत नाही. त्याच क्षणी मुळांनी ते उचललं तर ठीक, नाहीतर आषाढाच्या एका जोरदार पावसात ते खाली झिरपतं किंवा ओढ्यात जातं. जुन्या व्यवस्थेत नत्र सुटण्याची वेळ आणि ते घेणाऱ्या मुळांची वेळ जुळलेली होती. वेगानं कुजणाऱ्या पाचोळ्यानं ती जुळणी सैल होते. पेंचच्या पाणलोटातले ओढे तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या जलाशयांना मिळतात आणि नागपूरकरांच्या नळाला येणारं बरंचसं पाणी तिथलं असतं. जंगलाच्या मातीनं नत्र धरून ठेवणं हे शहराच्याही कामाचं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

परक्या वनस्पतीनं मातीचं गणित बदलण्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण हवाई बेटांवरचं आहे. तिथं ज्वालामुखीच्या कोवळ्या राखेत नत्र जवळजवळ नव्हतंच आणि स्थानिक झाडं त्या टंचाईतच वाढत होती. बाहेरून आलेलं फाया नावाचं झाड मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र पकडणारं निघालं. पीटर व्हिटोसेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की त्यानं तिथल्या मातीत येणारं नत्र चौपटीहून जास्त केलं. मुद्दा तोच, टंचाईवर उभ्या असलेल्या जंगलात सुकाळ झाला की जुने रहिवासी मागे पडतात. अर्थात प्रत्येक परकी वनस्पती प्रत्येक मातीत हेच करते असं नाही. जोअन एहरेनफेल्ड यांनी २००३ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नत्र वाढण्याकडं एकूण कल दिसला, पण तीच वनस्पती एका जागी एक आणि दुसऱ्या जागी वेगळाच परिणाम करतानाही आढळली.

फायाचं काम आपल्याकडं सुबाभूळ करते. मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेनं सत्तरच्या-ऐंशीच्या दशकात चारा आणि सरपणासाठी तिचा मोठा प्रसार केला, पुढं सामाजिक वनीकरणात ती गावोगाव पोचली. दुष्काळी गावाला लवकर हिरवा पाला हवा होता आणि तो तिनं दिला, त्या हेतूला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पण ती लावली तिथं थांबली नाही. ती द्विदल कुळातली आहे, मुळांवरच्या गाठींतून वर्षाला हेक्टरी १०० किलोंहून जास्त नत्र मातीत आणू शकते. पळस, खैर, बिजा हीसुद्धा द्विदल झाडं आणि तीही नत्र पकडतात. मग फरक कुठं आहे? पळस मिसळून उगवतो, सावकाश वाढतो आणि त्याच्या जाडसर पानाला कुजायला वेळ लागतो. सुबाभूळ एकदा रुजली की एकजिनसी रान करते. शेंगांचा सडा पडतो, खाली तिचीच रोपं दाटतात आणि वर्षभर बारीक पानं झडत राहतात.

आगीचं प्रकरण यात स्वतंत्रच आहे. वनविभागाच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावतात. ज्यांचं दोन महिन्यांचं उत्पन्न या वेचणीवर अवलंबून आहे त्यांना केवळ दंडाची भीती घालून हा प्रश्न सुटणार नाही. पण आगीत अन्नद्रव्यांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. नत्र साधारण २०० अंश सेल्सिअसपासूनच वायुरूप होऊन धुरात जाऊ लागतं. स्फुरदाला त्यासाठी ७०० अंशांहून जास्त उष्णता लागते, चुन्याला त्याहूनही जास्त. म्हणून पाचोळ्याची जमिनीलगतची, हलकी आग स्फुरद आणि चुना राखेत ठेवून जाते आणि मोठी झाडंही सहसा वाचतात. घाणेरीच्या वाळलेल्या, एकमेकांत अडकलेल्या फांद्या मात्र पेटल्या की ज्वाळा माणसाच्या उंचीच्या वर जातात. आग जमिनीवरून झाडांच्या फांद्यांत चढते, उष्णता वाढते, नत्र अधिक जातं. उतारावरची राख पहिल्याच पावसात धुपून जाते. आणि जळालेल्या घाणेरीला बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, तेही इतर रोपांच्या आधी.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांत अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी आग आणि घाणेरीच्या या परस्परपोषक चक्राची मांडणी २००५ मध्ये केली. तिथं १९९७ मध्ये पाहणीच्या ४१ टक्के तुकड्यांत घाणेरी होती, २००८ मध्ये ८१ टक्के तुकड्यांत. तिथले सोलिगा आदिवासी वृद्ध सांगतात की पूर्वी ते हंगामाच्या सुरुवातीलाच पाचोळ्याची थंड आग लावत. तिला त्यांच्या भाषेत ‘तरगु बेंकी’ म्हणतात. अभयारण्य झालं, आग बंद झाली आणि घाणेरी माजली, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आग सरसकट शत्रू नाही. कोणत्या महिन्यात, कशाला लागलेली, यावर सगळं ठरतं.

प्राण्यांमधून फिरणारा अन्नद्रव्यांचा धागा आपण अनेकदा विसरतो. चितळ, सांबर, गवे गवत खातात आणि शेण-लेंड्यांतून नत्र जागोजाग परत देतात, जिथं चरले तिथून दूर, पाणवठ्यापर्यंत. घाणेरीच्या पानांत यकृताला मारक द्रव्यं आहेत, गुरांनी ती खाल्ली तर कावीळ होते आणि उन्हानं कातडी सोलवटते. त्यामुळं तृणभक्षी तिला टाळतात. जिथं गवत जाऊन घाणेरी आली तिथं हा फिरता पुरवठा तुटतो. नत्र तिच्या जाळीखाली साठत राहतं, जंगलभर वाटलं जात नाही. एका जागी साचलेली सुपीकता आणि सगळीकडं पसरलेली सुपीकता या जंगलाच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग उपटून टाकावी का? टाकावीच, आणि विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत ही कामं निघतातही. पण कशी, हे महत्त्वाचं. वरून कापली तर दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी रुजवलेली पद्धत साधी आहे: कुदळीनं जमिनीखाली, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे ते वाळतं आणि पुन्हा मूळ धरत नाही. फळं पिकायच्या आत हे करायचं आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची रोपं पुढची काही वर्षं वेचत राहायचं. कीटक सोडून तिला आवरण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यातच झाले, पण त्यांनी घाणेरी हटली नाही.

उपटल्यानंतरचा पहिला पावसाळा फार निर्णायक असतो. झुडूप गेलं तरी तिनं साठवलेलं नत्र मातीतच असतं, वर आता मोकळा उजेडही मिळतो. अशा जागेवर सर्वांत आधी कोण येणार? तरोटा, रानतुळस, गाजर गवत. झपाट्यानं वाढणारी, भरपूर बी देणारी, नत्राची भुकेली. एक परकी वनस्पती काढून दुसरीला जागा करून दिली, असं अनेक ठिकाणी होतं, आणि मग घाणेरी काढण्याचा सगळा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो.

यावर उत्तर बहुवार्षिक गवतात आहे. मारवेल, पवन्या, कुसळी यांची मुळं दाट आणि तंतुमय असतात, सुटं नत्र ती लवकर उचलतात आणि त्यांची वाळलेली पाती कर्बानं भरलेली, सावकाश कुजणारी असतात. म्हणजे मातीतला वेग पुन्हा मंदावतो आणि वर चितळाला चाराही होतो. मेळघाट आणि ताडोबात पुनर्वसन झालेल्या गावांच्या जागी अशी कुरणं उभी राहिली. विदर्भात गवतांचा अभ्यास करणारे गजानन मुरतकर वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत की तण उपटण्याइतकंच गवताचं बी जमवणं आणि पेरणं महत्त्वाचं. घाणेरीच्या कामाच्या अंदाजपत्रकात गवताच्या बियाण्याचा रकाना नसेल तर ते काम अर्धंच आहे, असं माझंही स्पष्ट मत आहे.

आणखी एक रकाना हवा, मातीचा. २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, म्हणजे देशाच्या मातीचे नकाशे करणारी संस्था, नागपुरातच, अमरावती रस्त्यावर आहे. प्रत्येक तुकड्याची माती घाणेरी काढण्याआधी, मग पहिल्या आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर तपासणं इथं तरी अवघड नसावं. फक्त नमुना वर्षातून एकदाच घेऊन भागणार नाही. एकूण नत्र किती यापेक्षा ते कधी सुटतं हा इथला प्रश्न आहे. म्हणून एक नमुना मेअखेर कोरड्या मातीचा, दुसरा पहिल्या दमदार पावसानंतर आठवड्याच्या आत आणि तिसरा ऑगस्टमध्ये घ्यायला हवा. आणि दर वेळी जोडीला जवळच्या, घाणेरी कधीच न शिरलेल्या सागाखालच्या मातीचा नमुनाही.